बाळानं दूध टाकलंय

माझ्या धाकट्या भावाच्या साइटवर आता ‘टाक’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. क्रेननं माल खाली उतरवायचा असेल तर ‘ठेव’ म्हणायचं आणि उतरवून झाला की ‘ठेवला’. नवा माणूस कामावर आला की त्याला हेल्मेट देतात, कमरेचा पट्टा देतात आणि ही सूचना देतात. तो हसतो. कारण मात्र कोणी सांगत बसत नाही. म्हणून मी सांगते. त्या दिवशी मी भावाच्या घरी होते, आणि गप्प बसणं मला जन्मात कधी जमलेलं नाही.

भाऊ उंच क्रेन चालवतो. बांधकामाच्या मधोमध उभी असते ना, वर लांबच लांब आडवा हात असलेली, ती. त्या हाताखाली काचेची एक खोली असते, आपल्या न्हाणीघरापेक्षाही लहान. तिच्यात हा दिवसभर एकटा. खालचे लोक त्याला ‘वरचा’ म्हणतात. साइटवर कोणी म्हणालं की वरचा बघतोय, तर तो देव नव्हे, आमचा भाऊ. आता घरातसुद्धा आम्ही त्याला वरचाच म्हणतो.

स्वभावानं मुलखाचा संथ. लहानपणी मी दार धाडकन लोटायची आणि हा दोन्ही हातांनी धरून ते हळू टेकवायचा. मी त्याला गोगलगाय म्हणायची. पुढे हाच संथपणा त्याला भाकरी देईल असं कोणाला वाटलं असतं? काचांचा गठ्ठा असो की काँक्रीटचा तयार जिना, वरचा तो असा उतरवतो की खालच्या माणसाला आवाजसुद्धा येत नाही.

त्यांच्या कामात एक नियम आहे. खालचा माणूस वॉकीटॉकीवर जे सांगेल, ते वरच्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं आणि शेवटी ‘कळलं’ म्हणायचं. ‘उचल.’ ‘उचलतो, कळलं.’ ‘डावीकडे टाक.’ ‘डावीकडे टाकतो, कळलं.’ शब्द चुकला तर माणूस चिरडतो, म्हणून हा नियम. खाली उभा राहून हे सांगणारा त्याचा जोडीदार म्हणजे शिट्टी. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून ते नाव पडलं. वाजवतो क्वचित, बोलतो अखंड. आमच्या वरच्याला परत म्हणायची इतकी सवय लागली की घरातही तेच. ताटावर बसल्यावर बायको म्हणाली, मीठ दे, की हा म्हणणार, मीठ देतो. लग्नानंतर पहिले काही महिने तिला वाटायचं, हा आपली चेष्टा करतोय.

मग बाळ झालं. पोट फाडून झालं, त्यामुळे भावजय अंथरुणालाच खिळली. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझं कपडे धुण्याचं दुकान त्याच रस्त्यावर. रोज संध्याकाळी मी वर जायची, बाळाची दुपटी आणि फडकी पिशवीत भरून न्यायची आणि धुवून, वाळवून दुसऱ्या संध्याकाळी आणून द्यायची.

ती पिशवी म्हणजे एक प्रकरणच होतं. बाळाला दूध पचेना. प्यायला की थोड्या वेळात पोटातलं वर यायचं, कधी आंबट पाणी, कधी दह्यासारख्या गुठळ्या. आणि नुसतं यायचं नाही, जळजळत यायचं. पोर पाठीची कमान करायचं, मान मागे फेकायचं आणि असं किंचाळायचं की आपल्याच घशात आग लागल्यासारखं वाटावं. माझ्या दुकानातल्या मशिनलाही तो आंबट वास बसला होता. एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, तुमच्याकडून आलेल्या चादरीला दह्याचा वास येतो. मी म्हटलं, भाचा झालाय मला, सवय करून घ्या.

मुलांच्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं, पोटाच्या तोंडाची झडप अजून कच्ची आहे, वाढेल तशी ती घट्ट होईल. थोडं थोडं पाजा, मधे थांबून ढेकर काढा, पाजल्यावर अर्धा तास खांद्याशी उभं धरा. झोपवताना मात्र उताणं, सपाट, उशी बिशी काही नाही. आणि मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, वर येतंय तोवर मी घाबरत नाही. हिरवं आलं, रक्त आलं, लंगोट कोरडे राहायला लागले किंवा त्यानं प्यायचंच सोडलं, तर फोनवर विचारत बसू नका. उचला आणि या.

वरच्यानं ते सगळं परत म्हटलं. बाई हसल्या.

आणि खरं सांगते, त्या पोराला सांभाळावं तर त्यानंच. आम्ही बायका उचलायचो तेव्हा पोटाला धक्का लागायचाच. तो मात्र क्रेनचा दांडा सरकवावा तसा हात खाली न्यायचा, मानेचा भार तोलायचा आणि इतका हळू वर यायचा की पोराला आपण उचललो गेलो हेच कळायचं नाही. कामावरून आला की हात धुवून अर्धा अर्धा तास त्याला खांद्याशी धरून खिडकीत उभा राहायचा. डाव्या खांद्यावर फडकं. भावजय आतून विचारायची, ‘टाकलं का?’ तो म्हणायचा, ‘टाकलं.’ किंवा, ‘अजून नाही.’ घरात दिवसभर हाच शब्द. टाकलं का, किती टाकलं, आत्ताच बदललं होतं आणि परत टाकलं. इतका वापरला की त्याचे कंगोरे झिजून गेले. कानावर पडायचा, पण कोणाला ऐकू येत नव्हता.

आता तो दिवस.

वरचा नेहमीसारखा सकाळी कामावर गेला. वर काचेच्या खोलीत मोबाइल न्यायला बंदी, त्यामुळे त्याचा फोन शिट्टीच्या खिशात असायचा. तो निघाला तेव्हा बाळ झोपलं होतं. उठल्यावर भावजयीनं पाजायला घेतलं, तर पोरानं एक घोट ओढला, कळवळलं आणि तोंड फिरवलं. ती थांबली. थोड्या वेळानं परत घेतलं. त्यानं ओठ घट्ट मिटले. कूस बदलून पाहिलं, वाटीत काढून चमच्यानं पाहिलं. दूध गालावरून ओघळून गेलं, पोटात काही गेलं नाही. मग ते रडायचंही कमी झालं.

ती घाबरली. तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बाई यायच्या होत्या, फोन काउंटरवरच्या मुलीनं घेतला. भावजय म्हणाली, ‘बाळानं दूध टाकलंय.’

आपण म्हणतोच ना, आजीनं अन्न टाकलं, आता काही खरं नाही. त्या अर्थानं ती म्हणाली. तिच्या तोंडात त्या क्षणी याहून भारी शब्द नव्हता. आणि काउंटरवरची मुलगी दिवसभर हाच शब्द दुसऱ्या अर्थानं ऐकत आलेली. ती गोड आवाजात म्हणाली, टाकतात हो, या वयात सगळीच टाकतात. उभं धरा, थोडं थोडं पाजा. फोन बंद.

मग तिनं नवऱ्याला लावला. उचलला शिट्टीनं. तिनं त्यालाही तेच सांगितलं आणि म्हणाली, एवढं त्यांना लगेच कळवा. शिट्टी निरोपाचा पक्का माणूस. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि अक्षर न बदलता सांगितलं, वरच्या, घरून फोन आहे, बाळानं दूध टाकलंय.

वरून आवाज आला, ‘बाळानं दूध टाकलंय. कळलं.’

शिट्टीनं तिला सांगितलं, कळलं म्हणाले. ती हुश्श करून बसली. आपला नवरा परत म्हणाला म्हणजे त्याला कळलं, आणि कळलं म्हणजे तो निघाला. तिच्या हिशेबात तो शिडी उतरत होता. वरचा मात्र काचेच्या खोलीत मनातल्या मनात म्हणाला, आजही टाकलं का, संध्याकाळी जाऊन उभं धरतो. आणि त्यानं पुढचा गठ्ठा उचलला.

नियम कसा चोख पाळला गेला बघा. एक अक्षर सांडलं नाही. माझा आजही संताप होतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी धुतलेली दुपटी घेऊन लवकरच वर गेले. भावजय पलंगाच्या कडेला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, दाराकडे तोंड करून. मला बघून तिचा चेहराच पडला. वाट माझी नव्हतीच.

‘ताई, हे कुठवर आलेत? बाळानं दूध टाकलंय.’

मीसुद्धा काय केलं? खुंटीवरचं फडकं ओढलं आणि पुसायला वाकले. म्हटलं, टाकलं तर टाकलं, आण इकडे. फडकं बाळाच्या हनुवटीला लावलं. हनुवटी कोरडी. मानेच्या घडीत बघितलं, तिथे रोज दही साचलेलं असायचं. कोरडी. दुपटं हुंगलं. मीच काल लावलेल्या साबणाचा वास. कोपऱ्यातली फडक्यांची बादली बघितली, तर तिच्यात एकच फडकं आणि तेही नुसतं चुरगळलेलं. एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं, वा, आज पोराला बरं आहे. मी फडकं खाली ठेवलं. महिनाभर ज्या आंबट वासाला मी शिव्या घातल्या, तो वास त्या घरात नव्हता.

‘टाकलंय म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हणजे पीतच नाहीये. सकाळपासून.’

मी लंगोट चाचपला. कोरडा. ओठांवर बोट फिरवलं, तर कागद. टाळूवर हात ठेवला, तर तिथे खळगा. बाळ माझ्याकडे बघत होतं, पण बघणंही अर्धवट.

ती म्हणाली, हे येताहेत, निरोप पोचलाय, ते आले की त्यांच्याबरोबर जाऊ. मी म्हटलं, तो येईल तेव्हा येईल, ऊठ. टाके ओढत, कठडा धरत, एकेक पायरी ती उतरली. मी पुढे बाळाला घेऊन, मागे बघत. एवढ्या हळू मी आयुष्यात कधी जिना उतरले नसेन, आणि एवढी घाईही मला कधी झाली नव्हती.

त्याच सुमारास तिकडे काय चाललं होतं, ते मला नंतर शिट्टीनं सांगितलं. क्रेनच्या आकड्याला काँक्रीटचा जिना लटकत होता, अख्खा, तयार. तो इमारतीच्या पोकळीत उतरवायचा होता. खाली दोन माणसं त्याला जागेवर ओढून घ्यायला हात वर करून उभी. वारा सुटला होता, म्हणून जिना डोलायचा थांबेपर्यंत सगळे वाट बघत होते. अशा वेळी शिट्टीला गप्प राहवत नाही. फाटकाशी साइटचा एक म्हातारा कुत्रा पडलेला असायचा. शिट्टी सहज बोलून गेला की आपल्या कुत्र्यानं खाणं टाकलंय, बिस्किटाला तोंड लावत नाही.

आणि वरचा सवयीनं म्हणाला, ‘कुत्र्यानं खाणं टाकलंय.’

पुढचं ‘कळलं’ आलंच नाही.

शिट्टीनं दोनदा हाक मारली.  मग आवाज आला, शिट्टीच्या म्हणण्याप्रमाणे अगदी नेहमीचा आवाज, ‘सकाळचा निरोप परत सांग. तिनं काय शब्द वापरला?’

‘बाळानं दूध टाकलंय.’

‘ओकलंय म्हणाली का?’

शिट्टी म्हणाला, नाही, टाकलंय म्हणाली.

आता सांगा, त्या माणसानं काय करावं? फोन खाली. बाळ चौथ्या मजल्यावर. आणि याच्या हाताच्या दांड्याला एवढा मोठा दगड टांगलेला, त्याच्याखाली दोघांचे जीव. तो तसाच सोडून उतरता येत नाही. घाईनं सोडताही येत नाही. शिट्टीनं त्याला म्हटलं, मी फोन लावतो घरी. लावला. घरी कोणी उचलला नाही, आम्ही जिन्यात होतो. त्याला तेही सांगावं लागलं, कारण तो विचारत राहिला. घरी कोणी उचलत नाहीये. हे ऐकून त्यानं तो जिना उतरवला. शिट्टी म्हणतो, मी खालून आकड्याकडे बघत होतो, त्याला एकही हिसका बसला नाही. डोलणं थांबायची वाट बघितली, वीत वीत खाली आणला, खालच्या दोघांनी कडा जुळवल्या, त्यांनी अंगठा दाखवला, तेव्हा कुठे साखळ्या सैल झाल्या. शिट्टीनं सांगितलं, टाकला.  खोलीचं दार उघडं होतं आणि वरचा शिडीवर होता. त्याला इतक्या भरभर उतरताना साइटवर कोणी पाहिलं नव्हतं.

जिना उतरल्यावर आम्ही कुठे निघालोय ते मी शिट्टीला फोनवर कळवलं होतं. तो इस्पितळात पोचला तो हेल्मेट आणि पट्ट्यासकट. पट्ट्याच्या कड्या चालताना वाजत होत्या आणि वॉर्डातली माणसं वळून बघत होती. तोवर बाळाच्या इवल्याशा हाताला सुई लागली होती, शिर सापडायला फार वेळ लागला होता आणि ती टोचताना बाळ जेमतेम कण्हलं होतं. तेच मला सर्वांत भयंकर वाटलं. रक्त तपासायला गेलं होतं. आमच्या त्याच डॉक्टर बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आंबट वर येऊन येऊन आतली नळी हुळहुळी झालेली दिसतेय, प्रत्येक घोट झोंबतो, म्हणून त्यानं पिणं सोडलं असावं. पण एवढ्या लहान बाळानं पिणं सोडलं की आणखी काही नाही ना, हे बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. अंगातलं पाणी बरंच कमी झालंय. केव्हापासून पीत नाहीये?

भावजय नवऱ्याकडे बघत म्हणाली, ‘मी सकाळीच सांगितलं होतं.’

तो म्हणाला, ‘सांगितलं होतं. मी परतही म्हटलं होतं.’

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. बाकावर दोघं शेजारी बसले, मधे माझी पिशवी. मी दोन्हीकडे काहीबाही बोलून पाहिलं आणि माझी बोलण्याची हौस आयुष्यात पहिल्यांदा संपली. वरचा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. कान देऊन ऐकलं, तर तो तेच वाक्य परत परत म्हणत होता.

रक्तात काही वावगं निघालं नाही. सलाइन चालू राहिलं, औषध सुरू झालं आणि एक लंगोट ओला झाला. मी तो नर्सला असा दाखवला, जसं काही मला बक्षीस मिळालंय. पण बाई म्हणाल्या, आपणहून प्यायला तरच मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाजून बघायला सांगितलं.

भावजयीनं बाळाला घेतलं. त्यानं तोंड फिरवलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि तशीच बसून राहिली, जबरदस्ती केली नाही. मी पडद्यापाशी उभी होते. वरचा पाठमोरा, खिडकीकडे. बाळानं नाक घासलं, थांबलं, पुन्हा घासलं. मग तो आवाज आला, घोटाचा, बारीक, गळ्यात अडकून पुढे जाणारा. एक, मग थांबून आणखी एक. कोणी हललं नाही. वरच्याची पाठसुद्धा हलली नाही. थोडंसंच प्यायलं, पण प्यायलं. न कळवळता.

तिनं काही न बोलता बाळ उचलून नवऱ्यापुढे धरलं. उभं धरायचं ते त्यानंच धरायचं, हे भांडणातही ठरलेलं होतं. त्यानं नेहमीसारखा मानेखाली हात नेला आणि त्याला डाव्या खांद्याशी घेतलं. फडकं घ्यायचं राहून गेलं. तो उभा राहिला, आम्ही बघत राहिलो. बाळानं एक ढेकर दिली आणि पाठोपाठ त्याच्या सदऱ्यावर, खांद्यापासून खिशापर्यंत, पांढरा ओघळ उतरला. वास आला, तोच, दह्याचा. मला रडू फुटलं. मी पिशवीतून फडकं काढून धावले, तर त्यानं मान हलवून मला थांबवलं.

पलंगावरून भावजय घाबऱ्या आवाजात बोलली. कालपासूनचं त्याच्याशी तिचं पहिलं बोलणं.

‘टाकलं?’

‘टाकलं,’ तो सवयीनं म्हणाला. आणि मग घाईघाईनं, आयुष्यात कधी न केलेल्या घाईनं, ‘म्हणजे प्यायला होता ना, ते टाकलं. प्यायलेलं. थोडंच. पांढरं आहे. कळलं ना?’

‘प्यायलेलं टाकलं,’ ती म्हणाली. ‘कळलं.’

तो सदरा त्यानं संध्याकाळपर्यंत बदलला नाही.